शास्त्रपाठ सादर करताना : एक सूत्रधार, एक माइक

उपासनेत बायबलमधली गोष्ट सादर करायची म्हटलं की नवखा गट आधी झगे, दाढ्या आणि काठ्यांच्या मागे लागतो. सुरुवात वाचनापासून करा. उतारा घड्याळ लावून मोठ्याने वाचा. पेरणाऱ्याचा दाखला (मार्क ४:३-८), ज्यात बी वाट, खडकाळ जागा, काटेरी झुडपं आणि चांगली जमीन अशा चार जागी पडतं, दीड मिनिटातच संपतो. त्यावर बेतलेलं सादरीकरण सात-आठ मिनिटांपलीकडे नेऊ नका.

संवाद स्वतः लिहू नका. एकाने शास्त्रातून वाचावं, बाकीच्यांनी फक्त कृती करावी. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांच्या नाटकात सूत्रधार पदं म्हणून कथा पुढे नेई आणि पात्रं त्याबरहुकूम अभिनय करत. चर्चला हीच रीत सोयीची, कारण माइक एखाद-दुसराच असतो. पात्रं बोलू लागली की तो हातोहात फिरतो आणि मागच्या बाकांना निम्मं ऐकूच येत नाही.

पेरणाऱ्यासाठी चार पराती आणि पाव किलो शाळू पुरे. पहिलीत फरशीचा तुकडा, दुसरीत खडीवर बोटभर माती, तिसरीत बाभळीच्या काट्या, चौथीत काठोकाठ भुसभुशीत काळी माती. पराती टेबलावर मांडा, जमिनीवर ठेवल्या तर तिसऱ्या ओळीपासून कुणालाच दिसत नाहीत. खाली तरट अंथरा, फरशीवर सांडलेल्या दाण्यांवरून मुलं घसरतात. माइक परातीच्या वीतभर वर धरा. फरशीवर दाणे टणटण वाजतात, खडीवर आवाज उतरतो आणि चौथ्या परातीत तो जवळजवळ ऐकूच येत नाही. वाचकाने तिथे थांबावं, चार-पाच श्वास तरी. घाईने पुढचं वचन वाचलं की सगळी मेहनत वाया.

एक शंका हमखास येते. पाभरीने पेरणारा माणूस विचारतो, बी वाटेवर पडलंच कसं? त्या देशात बी हाताने फोकून पेरत, हे एक वाक्य वाचनाआधी सांगून टाका. खडकाळ जागेचा अर्थ माण-खटाव किंवा जतकडच्या मंडळींना समजावावा लागत नाही, मुरमाड माळ त्यांनी पाहिलेला असतो.

त्याच अध्यायातलं वादळ (४:३५-४१), म्हणजे येशू नावेत झोपलेला असताना उठलेलं आणि त्याच्या शब्दाने शमलेलं, सगळ्या मंडळीकडून करून घ्या. आधी तळहात घासणं म्हणजे वारा, मग चुटक्या, मग मांड्यांवर थापा. वाचकाने हात वर केला की सगळं बंद. हे उपासनेपूर्वी दोनदा करून घ्या, नाहीतर वारा शांत झाल्यावरही कोपऱ्यातली मुलं थापा मारत राहतात. मोठ्यांना सुरुवातीला संकोच वाटतो, म्हणून दोन वडीलधाऱ्यांना आधीच सांगून पुढच्या बाकावर बसवा. पत्र्याचं छत असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये ही गोष्ट घेऊ नका, खऱ्या सरींपुढे थापा ऐकू येणार नाहीत.

येशूची भूमिका शक्यतो कुणाला देऊ नये. नावेच्या मागच्या बाजूला एक उशी ठेवली की पुरतं, ती शास्त्रातही आहे. माणूस उभा केला की लक्ष त्याच्या चेहऱ्याकडे जातं, शब्दांकडे नाही.

वादळ शमलं तिथेच बहुतेक गट थांबतात आणि टाळ्या पडतात. पण शिष्य त्यानंतरही फार घाबरलेले आहेत आणि हा कोण, असं एकमेकांना विचारताहेत. ते ४१वं वचन शांततेत वाचा आणि वाद्य न लावता पाळकांकडे प्रार्थना सोपवा.