शाखांचं नेटवर्क बदलण्याआधी: आर्किटेक्चर मॉडेल कसं बांधायचं आणि त्यात कोणते आकडे भरायचे

एंटरप्राइज आर्किटेक्चरच्या, म्हणजे संस्थेच्या सेवा, सॉफ्टवेअर आणि यंत्रं एकमेकांवर कशी अवलंबून आहेत ते मांडण्याच्या कामात नवे आलेले बहुतेक जण टूल उघडतात आणि दिसेल ते काढत सुटतात. राऊटर, स्विच, फायरवॉल, सर्व्हर, सगळं. महिनाभरात भिंतभर चित्र तयार होतं. मग बदलाच्या बैठकीत कोणीतरी विचारतं, "हा राऊटर शनिवारी रात्री दोन तास बंद ठेवला तर नक्की काय काय अडेल?" आणि त्याचं उत्तर त्या भिंतभर चित्रात कुठेच नसतं. म्हणून आधी प्रश्न कागदावर लिहा, आणि तो मोजमापासकट लिहा: कोणत्या शाखेतली कोणती सेवा, किती मिनिटं, कोणत्या वेळी. या प्रश्नाच्या उत्तराला जे लागत नाही ते मॉडेलमध्ये घेऊ नका.

उदाहरणासाठी ४० शाखांची एक नागरी सहकारी बँक घेऊ. डेटा सेंटर नवी मुंबईत, शाखा सातारा, सांगली, कोल्हापूरकडे. प्रत्येक शाखेला आज ४ एमबीपीएसची एकच एमपीएलएस लाइन (टेलिकॉम कंपनीने दिलेली खासगी जोडणी) आहे. ती काढून दोन वेगळ्या कंपन्यांची ब्रॉडबँड आणि त्यांवर एसडी-वॅन (दोन्ही लाइनी सॉफ्टवेअरने एकत्र चालवणारी व्यवस्था) टाकायचं ठरलं आहे. पुढचे आकडे या उदाहरणापुरते धरलेले आहेत, हिशेबाची पद्धत मात्र कुठेही तीच राहते.

वरून खाली या

सुरुवात काउंटरवरून करा. रोख भरणा आणि काढणं, आरटीजीएस-एनईएफटी, चेक क्लिअरिंग, एटीएम, पासबुक छपाई. या झाल्या पाच बिझनेस सर्व्हिस. प्रत्येकीपुढे दोन गोष्टी लिहा: किती मिनिटं बंद चालेल आणि गर्दीची वेळ कोणती. हे आकडे आयटी विभागाकडून घेऊ नका, शाखाधिकाऱ्यांकडून घ्या. चेक स्कॅन करून पाठवण्याची वेळ टळली तर काय होतं, हे त्यांनाच ठाऊक असतं.

इथेच एक जुना समज मोडतो. "रात्री बँक बंदच असते, तेव्हा करू" हे शाखेच्या राऊटरपुरतं खरं आहे. पण एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस १४ डिसेंबर २०२० पासून चोवीस तास, बाराही महिने सुरू आहे. म्हणजे डेटा सेंटरच्या टोकाला "रिकामी रात्र" उरलेली नाही. शाखा आणि डेटा सेंटर यांच्या कामाच्या खिडक्या (बदल करायला मोकळ्या ठेवलेल्या वेळा) वेगवेगळ्या ठरवाव्या लागतात, आणि मॉडेलमध्ये सेवा वरून काढत आणली असेल तरच हा फरक डोळ्यांसमोर येतो.

आर्किमेट ही अशी मॉडेलं काढायची ठरलेली चित्रभाषा. तिच्यात हीच साखळी अशी उतरते: बिझनेस सर्व्हिसखाली अॅप्लिकेशन सर्व्हिस, त्याखाली कोअर बँकिंगचं (बँकेच्या मुख्य खाते-प्रणालीचं) अॅप्लिकेशन कंपोनंट, त्याखाली सर्व्हरचा नोड आणि मग पाथ. पाथ म्हणजे "शाखा ते डेटा सेंटर" हा तर्कातला रस्ता. तो रस्ता प्रत्यक्षात आणणारी लाइन म्हणजे कम्युनिकेशन नेटवर्क, आणि पेटीत येऊन रॅकमध्ये बसतो तो राऊटर म्हणजे डिव्हाइस. पाथ आणि कम्युनिकेशन नेटवर्क वेगळे ठेवणं हा या कामाचा कणा आहे. बदलात पाथ तोच राहतो, त्याखालची लाइन बदलते. दोन्ही एकाच चौकोनात कोंबले तर "आधी" आणि "नंतर" यांची तुलनाच करता येत नाही.

सर्व्हिंग नात्याचा बाण सेवा देणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे जातो. नवखे लोक तो हमखास उलटा काढतात, कारण "अॅप्लिकेशन सर्व्हर वापरतं" असं मनात वाक्य असतं. एक बाण उलटा पडला की परिणाम शोधताना साखळी तिथेच तुटते आणि राऊटरवर काहीच अवलंबून नाही असं खोटं उत्तर मिळतं.

किती बारीक जायचं? ज्या दोन वस्तू एकत्रच बंद पडतात आणि एकत्रच बदलल्या जातात, त्यांचा एकच चौकोन करा. पोर्ट, केबल, व्हीएलएएन (एकाच स्विचवरचे वेगळे केलेले गट) यांची नोंद नेटबॉक्ससारख्या साठ्यात असावी, मॉडेलमध्ये नको. एका शाखेला साधारण सहा घटक पुरतात. ४० शाखांचे २४० आणि डेटा सेंटरचे पन्नासेक. त्यापलीकडे गेलात तर ते मॉडेल ताजं ठेवायला कोणी पुरं पडणार नाही.

आर्किमेटची चित्रं काढणारं आर्ची हे टूल मोफत आहे आणि सुरुवातीला तेवढं पुरतं. त्यात एलिमेंट्स (घटक), रिलेशन्स (नाती) आणि प्रॉपर्टीज (त्यांना जोडलेली माहिती) अशा तीन सीएसव्ही फाइलींतून माहिती आत घेता येते, त्यामुळे ४० शाखा हाताने काढायची गरज नाही. एक शाखा नीट काढा, ती बाहेर काढा, तक्त्यात चाळीसपट करा, पुन्हा आत घ्या. आयडी मात्र कायमचा ठरवा. नावावरून आयडी बनवला आणि पुढे नाव बदललं, की दुसऱ्या आयातीत तोच राऊटर दोनदा उगवतो.

कागदावरचं आणि वायरीतलं

जुन्या आकृत्यांवर भिस्त ठेवू नका. कोण कोणाला जोडलंय हे एलएलडीपीच्या (यंत्रं शेजाऱ्याला आपली ओळख सांगतात त्या प्रोटोकॉलच्या) शेजारी-यादीवरून घ्या, रस्ते राऊटिंग टेबलवरून घ्या आणि कोण कोणाशी बोलतं हे फायरवॉलच्या नोंदींवरून किंवा नेटफ्लोवरून (राऊटरने ठेवलेल्या वाहतुकीच्या गोषवाऱ्यावरून). नोंदी किमान ३० दिवसांच्या हव्यात आणि त्यात महिनाअखेर आलीच पाहिजे. महिन्यातून दोनदाच दिसणारा प्रवाह "किरकोळ" म्हणून गाळण्याचा मोह आवरा. तो व्याज-आकारणीचा किंवा एखाद्या अहवालाचा असू शकतो.

या तपासणीत नेहमी सापडणाऱ्या गोष्टी: कोणाच्याच यादीत नसलेला सीसीटीव्हीचा रेकॉर्डर, जुना आयपी पत्ता कायमचा कोरून ठेवलेला पासबुक प्रिंटर, वेळ जुळवण्यासाठीचा एनटीपी सर्व्हर आणि लॉग गोळा करणारा सर्व्हर. शेवटच्या दोघांना हलकं समजू नका. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपून ठेवावे लागतात आणि घड्याळंही जुळलेली ठेवावी लागतात. बदलानंतर शाखा उत्तम चालते आणि लॉग मात्र महिनाभर येतच नाहीत, असं सहज होऊ शकतं. काउंटरवर त्याची तक्रार करणारा कोणी नसतो.

बाहेरच्यांच्या फायरवॉलमधली परवानगी-यादी ही सर्वात लांबवणारी बाब आहे. एटीएम स्विच चालवणारी कंपनी किंवा प्रायोजक बँक यांनी तुमचा सध्याचा आयपी पत्ता नोंदवलेला असतो. तो बदलणार असेल तर पत्रव्यवहार, मंजुरी, चाचणी यांत आठवडे जातात. म्हणून ते स्वतंत्र वर्क पॅकेज (बदलाच्या कामाचा एक वेगळा तुकडा) करा आणि त्याला लागणारे दिवस त्यावरच लिहा.

आकडे

पहिला आकडा पोहोचेचा: एखाद्या डिव्हाइसवरून बाणांच्या दिशेने वर जात किती सेवा सापडतात. शाखेच्या राऊटरवर पाच. डेटा सेंटरच्या हबवर, म्हणजे सगळ्या शाखा जिथे येऊन जुळतात त्या यंत्रावर, ४० शाखा गुणिले पाच, म्हणजे २००. कशाला दुसरा जोडीदार हवा, कशाची तालीम आधी करायची, हे त्यावरून ठरतं.

उपलब्धतेचा हिशेब जरा सावकाश करून पाहा. एकामागोमाग जोडलेल्या वस्तूंच्या उपलब्धतेचा गुणाकार होतो. शाखेचा राऊटर ९९.९५ टक्के, शेवटच्या टप्प्याची लाइन ९९.५, कंपनीचं मुख्य जाळं ९९.९, डेटा सेंटरचं टोक ९९.९९. गुणाकार येतो ९९.३४ टक्के, म्हणजे वर्षाला सुमारे ५८ तास बंद. आता दोन कंपन्यांच्या दोन लाइनी समांतर घ्या. दोन्ही एकाच वेळी बंद असण्याची शक्यता फार खाली जाते आणि एकूण आकडा ९९.९४ टक्क्यांच्या आसपास येतो, वर्षाला साधारण साडेपाच तास. त्यातले ४.४ तास एकट्या राऊटरचे आहेत. म्हणजे पुढचा रुपया तिसऱ्या लाइनवर घालवण्यात अर्थ नाही. तो तालुक्याच्या ठिकाणी तयार ठेवलेल्या जादा राऊटरवर आणि चांगल्या यूपीएसवर घालावा.

पण हा गुणाकार "दोन्ही लाइनी स्वतंत्र आहेत" या गृहीतकावर उभा आहे. दोन कंपन्यांची फायबर एकाच खांबावरून आली असेल किंवा रस्त्याच्या कडेच्या एकाच चरातून, तर पावसाळ्याआधीच्या खोदाईत दोन्ही एकदम जातात. शेवटच्या टप्प्यातल्या बिघाडांपैकी दहात एक जरी सामायिक निघाला, तरी वर्षाला आणखी ४.४ तास वाढतात आणि साडेपाचाचे दहा होतात. म्हणून "इमारतीत प्रवेश कुठून" ही प्रॉपर्टी प्रत्येक लाइनवर भरा आणि ती विक्री-प्रतिनिधीला फोनवर विचारून भरू नका. शाखेत जाऊन केबलमागे चालत जा.

बँडविड्थसाठी ९५वा शतमक (९५ टक्के नमुने ज्याच्या खाली येतात तो आकडा) वापरायची रीत आहे. पाच-पाच मिनिटांचे नमुने घेतले तर ३० दिवसांत ८,६४० होतात, आणि वरचे पाच टक्के म्हणजे ४३२ नमुने, चक्क ३६ तास, गाळले जातात. शाखेत रोज सकाळी एकच तास तुंबा लागतो असं धरा. २५ कामाच्या दिवसांचे ते २५ तास होतात आणि ते सगळे त्या गाळलेल्या ३६ तासांत बसतात. अहवालात लाइन निवांत दिसते आणि काउंटरवर रांग असते. शतमक फक्त कामाच्या तासांवर काढा. शिवाय एसएनएमपीतला (यंत्रांचे आकडे दुरून वाचायच्या प्रोटोकॉलमधला) ६४ बिटचा काउंटर वाचा. ३२ बिटचा काउंटर भरलेल्या १ जीबीपीएस लाइनवर सुमारे ३४ सेकंदांत पुन्हा शून्यावर येतो आणि पाच मिनिटांनी वाचलेल्या आकड्याला अर्थच राहत नाही.

विलंबाचा आकडा सर्वात जास्त फसवतो. फायबरमध्ये प्रकाशाला एक किलोमीटरला सुमारे ५ मायक्रोसेकंद लागतात, त्यामुळे अंतरापेक्षा वळसा महाग पडतो. जुन्या लाइनवर जाऊन-येऊन ४ मिलिसेकंद लागत होते आणि नव्या रस्त्यावर दूरच्या हबमार्गे २८ लागतात असं धरू. पिंग बघणारा म्हणतो, २८ म्हणजे काहीच नाही. पण खातं उघडायचा एक पडदा भरायला जुनं अॅप्लिकेशन १२० वेळा सर्व्हरशी ये-जा करत असेल, तर अर्ध्या सेकंदाचे ३.४ सेकंद होतात. रोखपालाला तो फरक पहिल्याच ग्राहकापाशी जाणवतो. वायरशार्क (पॅकेट पकडून दाखवणारं टूल) लावून एका व्यवहारातल्या ये-जा मोजा आणि तो आकडा अॅप्लिकेशन आणि पाथ यांच्यातल्या नात्यावर प्रॉपर्टी म्हणून लिहा. संपूर्ण मॉडेलमधला हा सर्वात उपयोगी आकडा आहे आणि बहुतेक मॉडेलांत तो नसतोच.

टप्पे

आर्किमेटमध्ये मधल्या स्थिर अवस्थेला प्लॅटो म्हणतात. प्रत्येक प्लॅटोला एकच कसोटी लावा: काम इथेच महिनाभर अडकलं तर बँक चालेल का? आपल्या उदाहरणात पहिला प्लॅटो म्हणजे नवा हब बसलेला, वाहतूक सगळी जुन्या लाइनवर. दुसऱ्यात दोन शाखा नव्यावर, तिसऱ्यात पाच-पाचच्या तुकड्यांनी उरलेल्या, चौथ्यात जुनी लाइन काढलेली. दोन प्रायोगिक शाखांपैकी एक मुद्दाम गर्दीची निवडा. शांत शाखेत सगळंच चालतं.

दुखणी दुसऱ्या आणि तिसऱ्या प्लॅटोत निघतात, कारण तेव्हा जुनं आणि नवं एकत्र नांदत असतं. डेटा सेंटरच्या राऊटरवर शाखेच्या सबनेटचा (आयपी पत्त्यांच्या गटाचा) जुना स्टॅटिक, म्हणजे हाताने लिहिलेला, रूट राहिलेला असतो. ओएसपीएफने (राऊटर आपसात रस्ते कळवतात त्या प्रोटोकॉलने) शिकलेल्या रूटपेक्षा स्टॅटिकला मान जास्त, म्हणून जाताना पॅकेट नव्या वाटेने जातं आणि उत्तर जुन्या वाटेने येतं. सुरुवात न पाहिलेल्या जोडणीचं उत्तर मधली फायरवॉल टाकून देते. पिंग कधी चालतो, कोअर बँकिंग लागत नाही. दुसरं नेहमीचं दुखणं पॅकेटच्या आकाराचं. लॉगिन होतं, शिल्लक दिसते, पण मोठा अहवाल मागितला की पडदा गोठतो. पीपीपीओई (लॉगिन करून जोडायच्या) ब्रॉडबँडवर एमटीयू, म्हणजे पॅकेटचा कमाल आकार, १४९२ बाइट असतो आणि एसडी-वॅनचं टनेल त्यातले आणखी बाइट खातं. तुकडे न करण्याची खूण लावून १४७२ पासून खाली पिंग करत जा, जाईल तो आकडा धरा आणि टीसीपीचा एमएसएस (एका पॅकेटमधल्या माहितीचा कमाल आकार) त्यानुसार बांधा. १३६० बहुतेक ठिकाणी चालतो. डीएनएसमधली नावं बदलणार असाल तर टीटीएल (नोंद किती सेकंद साठवून ठेवायची तो आकडा) ८६,४०० वरून ३०० वर किमान एक दिवस आधी आणा. त्याच रात्री आणून उपयोग नसतो, कारण जुनी नोंद दिवसभरासाठी आधीच साठवलेली असते.

प्रत्येक वर्क पॅकेजवर माघारीची (बदल उलटवून जुन्यावर परतण्याची) वेळ लिहा, आणि ती तालमीत घड्याळ लावून मोजलेली असू द्या. खिडकी १८० मिनिटांची, माघारीला ४० आणि नंतरच्या तपासणीला २० लागत असतील, तर निर्णयाची वेळ १२०व्या मिनिटाला येते. तेव्हा पाचही सेवा चालू नसतील तर परत फिरायचं. "अजून दहा मिनिटं द्या" हे त्या वेळी प्रत्येक जण म्हणतो, म्हणून तो आकडा आधीच सह्या घेऊन ठेवलेला बरा.

नेटवर्ककडून या कामात येणाऱ्यांना वरचे दोन थर जड जातात, तर सल्लागारीकडून येणाऱ्यांना रूट आणि एमटीयू. आपलं जे कच्चं आहे ते आधी शिका. राऊटिंग-स्विचिंग सीसीएनएच्या (सिस्कोच्या नेटवर्किंग प्रमाणपत्राच्या) पातळीचं हवं, त्याखाली चालत नाही. आर्किमेटचं प्रमाणपत्र नंतरही घेता येतं. मुलाखतीला जाताना एकाच प्रश्नाचं, तीस-चाळीस घटकांचं, आकडे भरलेलं मॉडेल सोबत न्या.

चौथ्या प्लॅटोची घाई करू नका. नव्या लाइनवर एक पूर्ण महिनाअखेर पार पडू द्या, मगच जुनी लाइन काढा. करारातली नोटीस-मुदत मात्र आधी वाचून वर्क पॅकेजमध्ये तारीख घाला, नाहीतर वापरात नसलेल्या ४० लाइनींचं भाडं भरत राहावं लागतं. लाइन काढल्यावर तिचा चौकोन त्याच दिवशी मॉडेलमधून काढा, आणि ज्यांना आता एकही नातं उरलेलं नाही असे घटक शोधा. त्यातला एखादा डिव्हाइस अजूनही रॅकमध्ये वीज खात बसलेला असतो.