घरासाठी डीप फ्रीझर घेताना: आडवा की उभा?

आपल्याकडे डीप फ्रीझरचा विषय बहुतेक हंगामातच निघतो. थंडीत मटार स्वस्त होतो, उन्हाळ्यात आंब्याचा रस साठवायचा असतो, बेळगावजवळच्या खानापूर-जांबोटीकडे ओले काजूगर निघतात, नाहीतर कारवारची मासळी एकदम जास्त येते. दुकानाची पायरी चढण्याआधी घरातच कागद घ्या आणि लिहा: काय ठेवणार, किती किलो, किती महिने. पाच-सहा किलो मटारच असेल, तर डबल डोअर फ्रीजचा वरचा कप्पा पुरतो. वर्षभराचं ठेवायचं असेल, तर माणशी 40 ते 50 लिटर धरा.

मग प्रकार ठरवा. आडव्या फ्रीझरचं झाकण वरून उघडतं. थंड हवा जड असल्यामुळे झाकण उघडलं तरी ती आतच तळाशी राहते. वीज कमी लागते आणि लाईट गेल्यावर गारवा जास्त टिकतो. त्रास एवढाच की तळातली पिशवी काढायला वरचं सगळं उपसावं लागतं आणि बर्फ हातानं काढावा लागतो. बर्फाचा थर अर्ध्या सेंटिमीटरचा झाला की काढायचाच, पण चाकूनं खरवडू नका, नळीला भोक पडतं. म्हणूनच तळाशी पाणी सोडायचं बूच असलेला घ्या.

उभा फ्रीझर जागा कमी अडवतो, खणांमुळे वस्तू चटकन सापडतात. फ्रॉस्ट-फ्री असेल तर बर्फ काढायची कटकट नाही. पण तो बर्फ वितळवण्यासाठी आतला हीटर अधूनमधून चालतो, म्हणून वीज जास्त खातो, आणि सैल बांधलेली मासळी-मटण कोरडं पडतं. वाकता न येणारी वडीलधारी माणसं घरात असतील तर उभाच बरा. काचेच्या झाकणाचा मात्र घरी नको. तो आइस्क्रीमच्या दुकानासाठी असतो, काचेतून उष्णता आत जाते.

खेड्यातल्या घराला मी आडवाच घ्या म्हणेन, आणि त्याचं कारण आपला पावसाळा. खानापूरच्या जंगलपट्टीत झाड तारेवर पडलं की लाईट कधी येईल सांगता येत नाही. भरलेला फ्रीझर झाकण न उघडता साधारण 48 तास गार राहतो, अर्धा भरलेला 24 तास. म्हणून रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या ठेवा, बाटलीत वर थोडी जागा सोडून. आणखी एक करा: वाटीत पाणी गोठवून त्यावर रुपयाचं नाणं ठेवा. गावाला जाऊन आल्यावर नाणं वाटीच्या तळाशी दिसलं, तर तुमच्यामागं सगळं वितळून पुन्हा गोठलंय. ती मासळी आणि मटण टाकूनच द्या.

स्टार लेबलवर वर्षाची युनिटं छापलेली असतात. 365 असतील तर दिवसाला 1 युनिट, महिन्याला सुमारे 30. कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या गृहज्योती योजनेचा लाभ घेणाऱ्यांनी हा हिशेब नक्की करावा: महिन्याचा वापर 200 युनिटांच्या वर गेला की पूर्ण बिल भरावं लागतं. हेस्कॉमची, म्हणजे आपल्या वीज कंपनीची, मागची काही बिलं काढून बघा, त्यात 30 मिळवा आणि मगच आकार ठरवा.

संध्याकाळी दिवे मंद होत असतील तर स्टॅबिलायझर लावा. अर्थिंग तपासून घ्या, एक्स्टेंशन बोर्डावर जोडू नका. गॅसची शेगडी आणि ऊन यांपासून लांब, भिंतीपासून वीतभर अंतर सोडून ठेवा. जमीन ओलावते तिथं खाली स्टँड हवाच.

टेम्पोतून कुशीवर झोपवून आणला असेल, तर काही तास सरळ ठेवून द्या, मग चालू करा. रिकामाच चालवून उणे 18 अंशांवर आला की माल भरायला लागा, तोही थोडा थोडा. मटार आधी उकळत्या पाण्यात दीड-दोन मिनिटं काढून लगेच गार पाण्यात टाका, निथळून, पुसून पाव-पाव किलोच्या पिशव्या करा, हवा काढा आणि वर तारीख लिहा.