नवताऱ्यांचे स्पेक्ट्रम वाचायला बसणाऱ्यांसाठी

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला स्पेक्ट्रोस्कोपी घ्यायची म्हटलं की पुण्यातली बरीच मुलं दीर्घिका नाहीतर क्वेसार मागतात. मी पुनरावर्ती नवतारे, म्हणजे पुन्हापुन्हा स्फोटाने उजळणारे तारे, घेतले, आणि कुणी विचारलं तर आजही तेच घ्या म्हणेन. दीर्घिकेचा स्पेक्ट्रम, म्हणजे प्रकाशाचा तरंगलांबीनुसार उलगडलेला पट, आज काढा की दहा वर्षांनी, फारसं काही हलत नाही. स्फोटात असलेल्या आरएस ओफियुची या पुनरावर्ती नवताऱ्याचा सोमवारचा स्पेक्ट्रम शुक्रवारच्यासारखा नसतो.

पार्श्वभूमी थोडक्यात. श्वेत बटू, म्हणजे इंधन संपलेल्या ताऱ्याचा उरलेला घट्ट गाभा, शेजारच्या ताऱ्याचा हायड्रोजन ओढत राहतो, पुरेसा थर साचला की त्यात अणुसंमीलनाचा भडका उडतो, थर फेकला जातो, बटू मात्र शाबूत राहतो आणि पुन्हा साठवणूक सुरू. बटूचं वस्तुमान सूर्याच्या १.४ पट या मर्यादेजवळ असेल तर पातळ थरही पुरतो, म्हणून काही दशकांतच पुढचा स्फोट होतो. आपल्या आकाशगंगेत असे जेमतेम दहा तारे ठाऊक आहेत. आरएस ओफियुची १८९८, १९३३, १९५८, १९६७, १९८५, २००६ आणि २०२१ मध्ये उफाळलेला दिसला.

२०२१चा स्फोट ८ ऑगस्टचा. पुण्यात ऑगस्टमध्ये आकाश किती दिसतं हे सांगायला नको. पण त्यासाठी अडून राहायची गरज नाही. जगभरच्या हौशी निरीक्षकांचे स्पेक्ट्रम एआरएएस या हौशी मंडळींच्या गटाच्या संग्रहात फुकट मिळतात. आमच्या सरांचं पहिलंच वाक्य होतं, “अरे, आधी दुसऱ्याचा डेटा नीट वाच, मग दुर्बिणीवर वेळ माग.”

नवखा माणूस रेषेची उंची बघतो. तुम्ही रुंदी बघा: वायू जितका वेगाने पसरतो तितकी रेषा रुंद. हायड्रोजनची एच-अल्फा रेषा ६५६३ अँगस्ट्रॉमला (हे तरंगलांबीचं एकक) असते आणि तिथे एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेकंदाला साधारण ४६ किलोमीटर. एवढा एक आकडा पाठ असला की आलेख बघूनच वेग सांगता येतो. सुरुवातीच्या दिवसांत ही रेषा सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाइतकी पसरट असते आणि तिच्या माथ्यावर एक बारीक टोक उभं असतं. पसरट भाग स्फोटात फेकलेल्या वायूचा. बारीक टोक जोडीदार तांबड्या राक्षसी ताऱ्याच्या संथ वाऱ्याचं. स्फोटाच्या उजेडाने तो वारा आयनित झालेला (अणूंचे इलेक्ट्रॉन सुटलेला) असतो. मग तो वेगवान वायू या वाऱ्यात घुसतो, वाटेतला माल गोळा करत मंदावतो, आणि रेषा आठवड्या-आठवड्याने अरुंद होत जाते. दिवस आणि रुंदी दोन्ही लॉग मापावर मांडा. तो उतार म्हणजे धक्कालहरीचा मंदावण्याचा हिशोब. विभेदनक्षमता, म्हणजे जवळच्या तरंगलांब्या वेगळ्या दाखवायची ताकद, १०००ची असेल तर सेकंदाला ३०० किलोमीटरपेक्षा बारीक काही दिसणार नाही, म्हणजे ते टोक हरवलंच. त्यासाठी एशेल, म्हणजे जास्त विभेदनक्षमतेच्या उपकरणाने घेतलेला, स्पेक्ट्रम निवडा.

साधारण महिन्याभरात ५३०३ आणि ६३७५ अँगस्ट्रॉमला नव्या रेषा डोकं वर काढतात. तेरा आणि नऊ इलेक्ट्रॉन गमावलेलं लोखंड! असं लोखंड दिसणं म्हणजे धक्क्याने वायू लाखो अंशांवर तापल्याची खूण. ५३०३ची हिरवी रेषा १८६९च्या ग्रहणात सूर्याच्या किरीटात (बाहेरच्या विरळ वातावरणात) सापडली होती आणि ‘कोरोनियम’ नावाच्या नव्या मूलद्रव्याच्या नावावर खपून गेली. १९३३च्या स्फोटात आरएस ओफियुचीत ती दिसली तेव्हाही तिचा धनी कोण हे ठरलं नव्हतं. लोखंडाचा उलगडा एडलेन या स्वीडिश भौतिकशास्त्रज्ञाने १९४०च्या सुमारास केला. पुणेकर म्हणून सांगायचा मोह आवरत नाही: पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे, म्हणजे आजच्या सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे, प्रा. कावसजी नायगमवाला जानेवारी १८९८च्या खग्रास ग्रहणासाठी जेऊरला तळ ठोकून होते. आरएस ओफियुचीचा नोंदलेला पहिला स्फोटही त्याच वर्षीचा. योगायोगच, पण मजेदार.

आता जिथे फसायला होतं त्या जागा. ४३६३ची ऑक्सिजनची निषिद्ध रेषा (फक्त फार विरळ वायूत उमटणारी) हायड्रोजनच्याच एच-गॅमा रेषेला चिकटून येते, त्यामुळे एच-गॅमा फुगल्यासारखी वाटते. शहरातून घेतलेल्या स्पेक्ट्रममध्ये जुन्या पाऱ्याच्या दिव्यांची ४३५८ची रेषाही तिथेच घुसते. ६८३०च्या आसपासचा उंचवटा ताऱ्याजवळच्या ऑक्सिजनच्या प्रकाशाचा, हायड्रोजनवरून रामन प्रकीर्णनाने तरंगलांबी बदलून आलेला, पण शेजारीच ६८६७ला आपल्या हवेतल्या ऑक्सिजनचा पट्टा आहे. हौशी स्पेक्ट्रमचं फ्लक्स (प्रकाशाच्या तीव्रतेचं) प्रमाणीकरण दर वेळी पक्कं नसतं, तेव्हा उंचीची तुलना जपून.

सगळे पुनरावर्ती नवतारे असे वागत नाहीत. यू स्कॉर्पिआय या दुसऱ्या पुनरावर्ती नवताऱ्याचा जोडीदार राक्षसी तारा नाही, त्यामुळे वायूला अडवणारं दाट काही नाही आणि सगळा खेळ झटपट आटोपतो. टी पिक्सिडिस तर २०११ मध्ये हेलियम-नायट्रोजनच्या ठळक रेषांच्या वळणावर सुरू झाला, मग लोखंडाच्या रेषांवर गेला आणि पुन्हा हेलियम-नायट्रोजनवर आला. वर्गीकरणाच्या चौकटी फार मनावर घेऊ नका.

रेडिओची आवड असेल तर तीही वाट आहे. आरएस ओफियुचीचा २००६चा स्फोट खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने १.४ गिगाहर्ट्झपेक्षा कमी वारंवारितेवर पहिल्यांदा टिपला होता. ती चालवणारी एनसीआरए आणि खगोलशास्त्राची आयुका या दोन्ही संस्था पुणे विद्यापीठाच्याच आवारात. उन्हाळी शिबिरांचे अर्ज वेळेत भरा.

आणि टी कोरोनी बोरिआलिस या आणखी एका पुनरावर्ती नवताऱ्याचे शांत अवस्थेतले स्पेक्ट्रम आत्ताच उतरवून ठेवा. १८६६ आणि १९४६ला तो उफाळला होता, जोडीदार आरएस ओफियुचीसारखाच तांबडा राक्षसी. शांत असताना टायटॅनियम ऑक्साइडचे पट्टे ठळक दिसतात. स्फोटाच्या झगमगाटात ते बुडतात आणि ओसरताना परत येतात. कधी परत आले हे ठरवायला आधीचा स्पेक्ट्रम हाताशी लागतो.