संगीत कॉलेजच्या 'नामवंत विद्यार्थी आणि गुरुजन' या पानावरून कॉलेज कसं ओळखायचं

बारावीचा निकाल लागला की आपल्या नागपुरात काही घरांत दरवर्षी हेच चालू असते, पोट्टं म्हणते मला गाण्यातच पुढं जायचं आहे आणि घरचे मोबाईल घेऊन बसतात, कोणतं कॉलेज, तिथून कोण मोठं झालं, कोण शिकवते. माझ्या भाचीच्या वेळेस आमच्याकडंही तेच झालं. धंतोलीच्या घरी टेबलावर चार माहितीपत्रकं पसरलेली, प्रत्येकात फोटोंचं एक पान, आणि ती म्हणे, "मामा, यात तर सगळेच मोठे आहेत, मग मी निवडू कसं?" तेव्हा ही पानं वाचायला आम्ही दोघं मिळून शिकलो. आता कोणी विचारलं की मी हेच सांगतो.

सगळ्यात आधी एक कोरा कागद घ्या आणि संस्थेचं पूर्ण नाव, गाव आणि स्थापनेचं वर्ष लिहा. हे लहान वाटते पण निम्मा घोळ इथंच असतो. "गंधर्व महाविद्यालयाचे विद्यार्थी" असं वाचलं तर कोणतं गंधर्व? विष्णु दिगंबर पलुस्करांनी पहिलं काढलं ते लाहोरला, 1901 मध्ये, पुढं मुंबईत 1908 ला, पुण्याचं विनायकराव पटवर्धनांनी 1932 ला, दिल्लीचं विनयचंद्र मौद्गल्यांनी 1939 ला. नाव एक, घरं वेगवेगळी. आणि आपल्या नागपूरकरांची खास गडबड म्हणजे मॉरिस कॉलेज. एखाद्या गायकाच्या चरित्रात "मॉरिस कॉलेजमध्ये शिकले" असं दिसलं की आपल्याला टी-पॉइंटजवळचं नागपूरचं कॉलेजच आठवते, पण ते बहुतेक वेळा लखनौचं मॅरिस म्युझिक कॉलेज असते, संगीतशास्त्री वि. ना. भातखंड्यांनी 1926 ला सुरू केलेलं, ज्याला नंतर त्यांचंच नाव मिळालं. आपल्या मॉरिसचा त्याच्याशी काही संबंध नाही.

दुसरी गोष्ट, नाव दिसलं की त्यापुढं विचारा की हा माणूस तिथं किती वर्षं होता आणि येताना काय घेऊन आला होता. कुमार गंधर्व प्रा. बी. आर. देवधरांच्या मुंबईच्या शाळेत आले तेव्हा अकरा-बारा वर्षांचेच होते पण मैफिली गाजवून आले होते, म्हणजे गळा त्यांनी सोबतच आणला होता. मग देवधरांनी काय दिलं? नक्कल सोडून विचार करायला शिकवलं, वेगवेगळ्या घराण्यांचं गाणं कानावर पडू दिलं, आणि पुढं कुमारांनी तिथंच शिकवलंही. हे श्रेय मोठंच आहे, पण ते गळा घडवल्याचं नाही, नजर दिल्याचं आहे. तलत महमूदही लखनौच्या मॅरिसमध्ये शिकले आणि गेले गझलेत, सिनेमात. तुमच्या पोराला काय पाहिजे त्यावरून ठरवा की यादीतलं कोणतं नाव तुमच्या कामाचं.

एकच कलाकार चार याद्यांत सापडला तरी लगेच शंका घेऊ नका. आपले वसंतराव देशपांडे घ्या, सिव्हिल लाइन्सचं सभागृह ज्यांच्या नावाचं आहे ते. जन्म मूर्तिजापूरचा, 1920 चा, आणि लहानपणी नागपुरात शंकरराव सप्र्यांकडं शिकले, हे सप्रे विष्णु दिगंबरांचे शिष्य. पुढं सुरेशबाबू माने, अमान अली खाँ, लाहोरचे असद अली खाँ असे कितीतरी जण. यातल्या प्रत्येक गुरूच्या यादीत त्यांचं नाव खरंच आहे. फक्त कोणी म्हटलं की आम्हीच घडवलं, तर तेवढं मान्य करू नका.

आता मुख्य गोष्ट, आणि यावर खरंच वेळ घाला. यादीत फक्त गाजलेले कलाकार शोधू नका, शिक्षक झालेले विद्यार्थी शोधा. कलाकार एखादा कुठूनही निघतो, पण शिक्षक तयार करायला संस्थाच लागते. विष्णु दिगंबरांनी ते ठरवून केलं. त्यांच्या शिष्यांत ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, देवधर, आणि यातला प्रत्येक जण पुढं स्वतः गुरू झाला. ओंकारनाथांनी 1950 मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात संगीताचं कॉलेज उभं केलं, व्हायोलिनवादक एन. राजम त्यांच्याकडं शिकल्या आणि त्यांनी स्वतः तिथंच कितीतरी वर्षं शिकवलं. याहून मनाला लागणारं उदाहरण द. वि. पलुस्करांचं आहे. वडील विष्णु दिगंबर 1931 ला गेले तेव्हा मुलगा दहा वर्षांचा, त्याला गाणं कोणी दिलं? वडिलांच्याच शिष्यांनी, विनायकरावांनी आणि नारायणरावांनी. बापानं पेरलेलं पोराच्या ताटात आलं. भाचीला हे सांगताना माझा आवाज भरून आला होता. तर कागदावर बाण काढा, गुरूकडून शिष्याकडं, शिष्याकडून त्याच्या शिष्याकडं. तीन पिढ्या बाण जात असेल तर ती जागा जिवंत आहे.

छत्तीसगडमधल्या खैरागढच्या बाबतीत आम्ही असाच बाण काढला. इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय, 1956 चं, राजघराण्यानं आपल्या मुलीच्या नावानं राजवाडा देऊन सुरू केलेलं, आणि आपल्याला सगळ्यात जवळचं. तिथं सुरवातीच्या काळात कुलगुरू होते श्रीकृष्ण रातंजनकर, ते भातखंड्यांचे शिष्य आणि बडोद्याला आग्रा घराण्याचे गायक फैयाज खाँसाहेबांकडं शिकलेले. त्यांचे शिष्य के. जी. गिंडे, अकराव्या वर्षी घर सोडून लखनौला गुरूच्या घरीच राहायला गेले. पण हा सगळा जुना बाण झाला, आज वर्गात कोण बसते ते वेगळं विचारावंच लागते.

नाटकाकडं जाणाऱ्यांनीही हेच करा. राष्ट्रीय नाट्य विद्यालय म्हटलं की सगळे नसीरुद्दीन शाह, ओम पुरी, रोहिणी हट्टंगडी एवढंच सांगतात, पण ती पोरं घडली तेव्हा 1962 ते 1977 इब्राहिम अल्काझी संचालक होते हे लिहा. विद्यार्थ्याच्या नावासमोर त्या काळचा शिक्षक लिहिला की चित्र एकदम साफ होते.

परीक्षा केंद्र आणि विद्यालय यात फरक करा. मध्यमा, विशारद, अलंकार या परीक्षा गावोगावी केंद्रांवर होतात, तेव्हा कोणी "तिथले विशारद" असेल तर तो तिथं बसून शिकला असंच नाही. शिक्षकांच्या यादीतही "अतिथी" कोण आणि रोजचे कोण हे फोन करून विचारा. आम्हाला एका ठिकाणी, नाव नाही सांगत, मोठ्या फ्लेक्सवर ज्या गुरुजींचा फोटो दिसला ते तीन दिवसांच्या कार्यशाळेला आले होते फक्त, आणि हे कळलं ते फी विचारून झाल्यावर.

जमलं तर जुन्या विद्यार्थ्याची वही पाहा. माझ्या भाचीच्या बाईंनी त्यांची वही दाखवली होती, पिवळी पडलेली पानं, मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातल्या, नी वर टिंब दिलेलं. भाची म्हणे हे तर तार, म्हणजे वरच्या सप्तकाचं टिंब ना? नाही, ती स्वर लिहायची पलुस्कर पद्धत, त्यात मंद्राचं टिंब वर आणि तार स्वरावर उभी रेघ, भातखंडे पद्धतीत मंद्राचं टिंब खाली असते. वही कोणाच्या हाताखाली लिहिली गेली ते टिंबावरून कळते, माहितीपत्रक वाचावंच लागत नाही.

आणि शेवटी प्रत्यक्ष जा. खैरागढला जायचं तर हावडा लाइनवर गोंदियाच्या पुढं डोंगरगढ किंवा राजनांदगावला उतरा, पुढं रस्त्यानं. ऑफिसात कमी बसा, वर्गाबाहेर तासभर थांबा, परवानगी घेऊन मागं बसता आलं तर उत्तम. बघा की शिक्षक चुकलेली तान स्वतः गाऊन दाखवतात का, की नुसतं "पुन्हा म्हण" म्हणतात. मग दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या पोरापोरींना बाहेर चहाला बोलवा आणि एकच विचारा, या वर्षी सरांनी तुमच्या गळ्यात काय बदललं? भाचीनं हे विचारलं तर एका मुलीनं तिथंच, चहाचा कप खाली ठेवून, यमनचा षड्ज लावून दाखवला, आधी कसा लावायची आणि आता कसा लागतो. आम्ही त्याच दिवशी फॉर्म घेतला.