नवीन मुख्याध्यापकांनो, पालकांना फोन लावायच्या आधी थांबा

चार्ज घेतला तेव्हा युडायस म्हणजे शाळेची सरकारी माहिती भरणं, पोषण आहार, शाळा व्यवस्थापन समिती हे सगळं मला येत होतं, ते तुम्हालाही येईल. नववीतला एक मुलगा मात्र मला झेपला नाही. पोरं त्याला बायल्या म्हणायची, मधल्या सुट्टीत तो मुतारीकडे फिरकायचाच नाही, तास सुरू झाला की परवानगी मागायचा आणि सर ओरडायचे. एक दिवस ऑफिसात येऊन म्हणाला, सर मला मुलंच आवडतात, घरी सांगू नका. मी बरं म्हटलं आणि संध्याकाळी त्याच्या वडिलांना फोन लावला.

मला खरंच वाटलं की पालकांना अंधारात ठेवणं म्हणजे जबाबदारी झटकणं, आणि एक सिनियर मुख्याध्यापक पण म्हणाले सांगून मोकळे व्हा, उद्या आपल्यावर नको. दुसऱ्या दिवशी वडील आले, खुर्चीत बसले नाहीत, उभ्यानेच दाखल्याचा अर्ज लिहिला. मुलगा दाराशी, मार्चच्या उन्हात फुल शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत ओढलेल्या. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. दाखल्यावर सही माझीच आहे.

म्हणून परत सांगतो, मुलाने विश्वासाने सांगितलेलं त्याला विचारल्याशिवाय घरी, स्टाफरूममध्ये, सरपंचांना, कुणालाच सांगायचं नाही. खेड्यात गोष्ट एका घरात राहत नाही आणि पोराला पळायला दुसरी शाळा पण नसते. लैंगिक छळ झाला असेल तर गोष्ट वेगळी, पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली पोलिसांना कळवावंच लागतं, पण ते सुद्धा मुलाला आधी समजावून. घरी मारहाण होत असेल तर १०९८, मुलांसाठीची हेल्पलाइन.

"आपल्यावर नको" म्हणणाऱ्या सिनियरांचा सल्ला घेऊच नका असं माझं ठाम मत आहे. मुलाला "बरं करतो" म्हणणाऱ्या डॉक्टरकडे तर अजिबात पाठवू नका, राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये असल्या उपचारांना व्यावसायिक गैरवर्तन ठरवलंय. बोलायला कुणी हवं असेल तर टेलिमानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात.

घाबरू नका, सगळं माहीत असायची गरज नाही. मूल ट्रान्सजेंडर असेल तर ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांच्या २०१९ च्या कायद्यात कलम १३ शाळांसाठीच आहे, भेदभाव न करता शिकवायचं, एवढं संस्थाचालकांना दाखवलं तरी बरेच जण गप्प होतात. बाकी निम्मं काम म्हणजे "बायल्या" शब्द ऐकला की तिथल्या तिथे थांबवणं, शिक्षकांच्या तोंडून आला तरी.

आता मी मधल्या सुट्टीत मुतारीच्या बाजूच्या कट्ट्यावर बसतो, रोज. कोण येत नाही ते तिथून दिसतं.