जपानी शिकताना इंग्रजी बाजूला, मराठी हाताशी

नोकरी सांभाळून जपानी शिकायला बसलेल्या मुंबईकराच्या हाती पहिलं पुस्तक येतं ते बहुधा इंग्रजीतून समजावणारं, आणि घोटाळा तिथेच सुरू होतो. रोमन लिपीतला टी आणि डी दिसला की जीभ सवयीने टाळूकडे वळते आणि 'आरिगाटो' (धन्यवाद), 'डेस' (आहे) बाहेर पडतं. जपानीत ट-ठ-ड-ढ-ण हा वर्गच नाही. तिथे आहे तो दातांशी जीभ टेकवून म्हणायचा त आणि द. म्हणून रोमन लिपी पहिल्या आठवड्यातच सोडा.

सुरुवात हिरागाना या जपानीच्या मूळ अक्षरलिपीपासून करा. मूळ अक्षरं ४६, रोज पाच, म्हणजे दहा दिवसांत संपतात. शाळेची गणिताची चौकटीची वही घ्या, चार चौकटींत एक अक्षर बसवा. क्रम पाठ करायला कष्ट पडत नाहीत: आ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. ओळखीचा वाटतो, कारण बौद्ध भिक्षूंच्या सिद्धम् या संस्कृतसाठीच्या जुन्या भारतीय लिपीच्या अभ्यासातून आपल्याच वर्णमालेची मांडणी तिकडे पोचली. प-वर्गाच्या जागी 'हा' का, हा प्रश्न पडला तर तोही रास्तच, कारण त्या ओळीचा जुना उच्चार प असा होता. मग काताकाना, म्हणजे मुख्यतः परदेशी शब्दांसाठीची लिपी, तीही ४६. इथे 'शि' आणि 'त्सु' सगळ्यांना फसवतात. 'शि'च्या दोन बारीक रेघा आडव्या, डाव्या बाजूला एका रेषेत, आणि लांब रेघ खालून वर जाते. 'त्सु'च्या रेघा उभ्या, वरच्या बाजूला एका रेषेत, लांब रेघ वरून खाली येते. 'न्' आणि 'सो' या जोडीलाही हाच नियम, फक्त बारीक रेघ एकच. नुसतं बघून हा फरक टिकत नाही, हाताने लिहूनच टिकतो.

उच्चारात मराठी माणसाचं बरंच काम आधीच झालेलं असतं. 'त्सु'मधलं व्यंजन म्हणजे 'चमचा'तला च, 'चि' म्हणजे 'चिंच'मधला. 'फु' मात्र ओठ दातांना न लावता, गरम चहावर फुंकर घातल्यासारखा. शब्दात मध्ये येणारा 'न्' तर आपल्या अनुस्वारासारखाच वागतो: पुढे प-ब-म आलं की म् (शिंबुन, म्हणजे वर्तमानपत्र), पुढे क-ग आलं की ङ् (तेंकि, म्हणजे हवामान). नियम पाठ करू नका, मराठीत वाचल्यासारखं वाचा. 'देसु'मधला शेवटचा उ जवळजवळ ऐकूच येत नाही, 'देस्' म्हणा.

दगा बसतो तो लांबीत. जपानी आ-चा रंग आपल्या आ-सारखा, पण लांबी अ-एवढी. त्यामुळे देवनागरीत टिपण काढणारे मावशी आणि आजी दोघींनाही 'ओबासान' लिहून मोकळे होतात. सुरुवातीच्या वहीत लांब स्वर दोनदा लिहा: ओबासान म्हणजे मावशी, ओबाआसान म्हणजे आजी. वाचताना प्रत्येक स्वराला एक टाळी द्या, शेवटच्या 'न्'लाही एक, म्हणजे पहिल्याला चार आणि दुसऱ्याला पाच. 'ब्योओइन' (इस्पितळ) आणि 'बियोओइन' (ब्यूटी पार्लर) हेही टाळ्यांनीच वेगळे करा, नाहीतर पत्ता विचारताना भलत्याच दारात जाल.

व्याकरणात मराठीचा सगळ्यात मोठा फायदा म्हणजे आपलं '-ऊन'. जपानीतलं 'ते' रूप इंग्रजीतून समजायला आठवडे जातात, मराठीतून एक संध्याकाळ पुरते. करून म्हणजे शिते, खाऊन म्हणजे ताबेते, जाऊन म्हणजे इत्ते. आता पुढचं क्रियापद लावा. करून बघतो: शिते मिमासु. करून ठेवतो: शिते ओकिमासु. करून टाकलं: शिते शिमाइमाशिता, आणि 'हे काय करून बसलो' ही हळहळही त्यात मावते. घरातून निघताना आपण 'जाऊन येतो' म्हणतो, तेही 'इत्ते किमासु', शब्दाला शब्द. आपल्या बोलण्यातल्या अशा वीस जोड्या काढून वहीत समोरासमोर मांडा.

मात्र 'ते' रूपापुढे 'इमासु' लागलं की सावध राहा. ते दर वेळी 'करतोय' नसतं, कधी टिकून असलेली स्थिती असते. 'केक्कोन शिते इमासु' म्हणजे लग्न झालेलं आहे, लग्न चालू आहे असं नाही. 'मी ठाण्यात राहतो' हेही 'सुमिमासु' नव्हे, 'सुंदे इमासु'.

प्रत्ययांचं निम्मं काम फुकट होतं. 'मला आंबा आवडतो' यात आंबा कर्ता आहे, जपानीतही आंब्याला 'गा' लागतो. '-हून' म्हणजे 'कारा', '-पर्यंत' म्हणजे 'मादे'. चुका होतात त्या '-त' वर. घरात आहे, घरात जेवतो: मराठीत दोन्हीकडे '-त'. जपानीत असण्या-राहण्याच्या जागेला 'नि', काम घडतं त्या जागेला 'दे'. नवं क्रियापद शिकाल तेव्हा ते कधीच सुटं लिहू नका, प्रत्ययासकट लिहा: 'देन्शा नि नोरु' (ट्रेनमध्ये चढणं), 'देन्शा ओ ओरिरु' (ट्रेनमधून उतरणं). '-मधून'चं भाषांतर करायला गेलात तर दुसऱ्यात हमखास चुकाल.

'तुम्ही'साठी 'आनाता' वापरायचा मोहही टाळा. समोरच्याच्या आडनावाला 'सान' लावून बोला. स्वतःच्या नावाला मात्र सान कधीच नाही.

मोठे आकडे लाखातूनच पकडा. 'मान' म्हणजे १०,०००, म्हणून लाख म्हणजे ज्युउ मान, दहा मान. 'ओकु' म्हणजे १० कोटी. इंग्रजी मिलियनच्या वाटेने गेलात की शून्यं हरवतात.

वेळेचं गणित लोकलवरच बसवावं लागतं. बसायला जागा मिळाली तर फोनवर शब्दांचे पत्ते (फ्लॅशकार्ड), रोज नवे दहा. दादरच्या गर्दीत फोन काढता येत नाही, तिथे फक्त कान, आणि तेही आधी शिकलेल्या धड्याचे संवाद. नवा धडा गाडीच्या खडखडाटात ऐकलात तर चुकीचे स्वर कानात बसतात. घरी २० मिनिटं लेखन आणि मोठ्याने वाचन, रविवारी दीड तास व्याकरण. तीन दिवस खाडा झाला की उजळणीचे पत्ते साचतात आणि बहुतेकांचं शिकणं इथेच सुटतं. अशा वेळी ढीग उपसेपर्यंत नवे शब्द पूर्ण थांबवा.

जेएलपीटी ही जपानी भाषेची पातळीवार परीक्षा जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी होते आणि मुंबईत केंद्र आहे. अर्जाची मुदत परीक्षेच्या खूप आधी संपते, तेव्हा वर्ग लावतानाच तारीख बघून ठेवा. सर्वात खालच्या एन-५ पातळीला १८० पैकी ८० गुण लागतात. पण भाषा आणि वाचनात १२० पैकी ३८ आणि ऐकण्यात ६० पैकी १९ वेगवेगळे मिळवावे लागतात, त्यामुळे वाचनात कितीही गुण पडले तरी कच्चा कान नापास करतो. शेवटचे दोन महिने रोज १५ मिनिटं ऐकण्याला द्या, आणि प्रत्येक ध्वनिफीत एकदाच ऐकून उत्तर लिहा, कारण परीक्षेत ती दुसऱ्यांदा लावत नाहीत. चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत, म्हणून उत्तरपत्रिकेतला एकही गोल कोरा ठेवू नका.