सीझनमध्ये किती कॉल घ्यायचे? एका कूलर-एसीवाल्याचा हिशेब

मी नागपुरात कूलर, एसी आणि फ्रिज दुरुस्त करतो. सोळा वर्षं झाली. आमच्या धंद्यात वर्षाची खरी कमाई मार्च ते जून या चार महिन्यांत होते आणि त्या चार महिन्यांत फोन काही थांबत नाही. चार पैसे जास्त मिळतात म्हणून प्रत्येक फोनला हो म्हणत गेलो, तर घर कसं हातातून सुटत जातं ते मी भोगलंय. त्यातून बाहेर पडायला काय केलं ते इथे लिहितोय. तुमचं काम मंडपाचं असेल, लग्नाच्या ब्लाउजांचं असेल, गाडी चालवण्याचं असेल, तरी आकडे बदलून हे वापरता येईल.

चार वर्षांपूर्वीचा मे महिना. घरच्या कूलरचा पंप जळाला होता. सकाळी नवा पंप बॅगेत टाकला आणि दुपारी तोच एका गिऱ्हाइकाकडे लावून दिला. साडेचारशे रुपये मिळाले. रात्री सव्वादहाला घरी आलो तर सहा वर्षांची मुलगी स्टुलावर उभी राहून लोट्याने कूलरच्या वूडवूलवर, म्हणजे जाळीतल्या लाकडाच्या भुशासारख्या तंतूंवर, पाणी टाकत होती. आतला पंखा चालू, बॉडी लोखंडी, जमीन ओली, पाय अनवाणी. कूलर चालू असताना हात लावू नका, आधी प्लग काढा, मग पाणी भरा, हे मी रोज घरोघरी सांगतो. उन्हाळ्यात आपल्याकडे कूलरच्या शॉकने माणसं जातात. मी धावत जाऊन प्लग ओढला. ती म्हणाली, "बाबा, वाळून जाते ना लवकर. मग बाळ रडते." तिला काही झालं नाही. पण त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन बसलो.

तुम्हीही वहीपासूनच सुरुवात करा. आठ दिवस प्रत्येक कामाची नोंद ठेवा: घरून कधी निघालो, कधी मोकळा झालो, किती पैसे मिळाले, पेट्रोल किती गेलं. आठवणीवर जाऊ नका, कारण आठवणीत फक्त मिळालेली नोट राहते, गेलेला वेळ राहत नाही. माझ्या वहीतली दोन कामं सांगतो. मी मानेवाड्याला राहतो. कोराडी रोडचा कॉल, व्हिजिट 300 रुपये. जाऊन-येऊन 28 किलोमीटर, पेट्रोल साधारण 65 रुपयांचं, आणि ट्रॅफिक, वाट पाहणं, काम धरून दोन तास. म्हणजे तासाला 117 रुपये. त्याच दिवशी अयोध्यानगरात एसीची सर्व्हिसिंग केली. 600 रुपये, पेट्रोल दहाचं, सगळं मिळून एक तास. दोन्ही कामांना मी इतकी वर्षं "धंदा" म्हणत होतो.

यापेक्षाही डोळे उघडले ते रात्रीच्या कॉलमुळे. रात्री नऊनंतर गेलं की लोक 500 रुपये देतात, कटकट करत नाहीत. पण त्या दिवशी झोपायला साडेबारा होतात आणि सकाळी सातचं पहिलं काम नऊवर जातं. वहीत ओळीने दिसलं: ज्या रात्री शेवटचा कॉल घेतला, त्याच्या दुसऱ्या सकाळी 600 रुपयांची एक सर्व्हिसिंग कमी. मुलं झोपल्यावर घरी यायचं आणि वर शंभर रुपये गमवायचे, हे मी कित्येक सीझन केलं. शिवाय थकलेल्या हाताने आमचं काम करू नये. एसीचा कॅपॅसिटर वीज बंद केल्यावरही आत वीज साठवून ठेवतो. आउटडोअर युनिट, म्हणजे एसीचा बाहेरचा डबा, तिसऱ्या मजल्याच्या सज्जावर असतं. अंधारात, दिवसभराच्या उन्हानंतर, तिथे उतरायचं कशासाठी? आठनंतर मी आउटडोअरला हात लावत नाही. कोणी कितीही देवो.

मग "पुरे"चा आकडा काढायचा. हा आकडा मनात ठेवून चालत नाही, कागदावर यावा लागतो, आणि बायकोसोबत बसूनच काढावा लागतो, कारण किराण्याचा खरा भाव तिलाच माहीत असतो. आमचा त्या वर्षीचा हिशेब असा: महिन्याचा खर्च 28,000, म्हणजे वर्षाचे 3,36,000. शाळेची फी, विमा, दिवाळी, लग्नांतले आहेर मिळून आणखी 64,000. एकूण चार लाख. बाकीच्या आठ महिन्यांत फ्रिज, गिझर, वॉशिंग मशीन करून महिन्याला सरासरी 22,000 येतात, ते झाले 1,76,000. उरले 2,24,000, ते सीझनच्या चार महिन्यांत कमवायचे. महिन्याचे 26 दिवस धरले तर दिवसाला साधारण 2,150. त्यावर शिल्लक म्हणून 350 टाकले. मालाचे पैसे आणि पेट्रोल वजा जाता 2,500 हातात आले की त्या दिवसाचं माझं काम झालं. पुढचा फोन घ्यायचा की नाही, हे मग मी ठरवतो. त्याआधी फोनच माझं ठरवत होता.

सीझनचे पैसे दिसायला खूप दिसतात, म्हणून त्यांना वेगळं खातं ठेवा. आम्ही त्यातून दर एक तारखेला ठरलेली रक्कम घरखर्चाच्या खात्यात टाकतो, पगारासारखी. आणि एक कळकळीची विनंती: सीझनमधली कमाई पाहून कशाचाही हप्ता बांधू नका. माझ्या ओळखीच्या एकाने एप्रिलमध्ये गाडी घेतली आणि त्या हप्त्यासाठी तो आता ऐन दिवाळीतही रात्रीची कामं धरतो.

आता घरच्या वेळेचं. बहुतेक लोक म्हणतात संध्याकाळ घरच्यांना द्या. नागपूरच्या मे महिन्यात आमच्या धंद्यात ते जमत नाही, कारण उन्हं उतरल्यावरच गच्चीवरचं काम करता येतं. मी दुपार दिली. सकाळी साडेसहाला निघतो, बाराला घरी, पुन्हा चार ते आठ. भर दुपारी 44-45 अंशांत तापलेल्या पत्र्याला हात लागत नाही, एका तासाच्या कामाला दोन तास लागतात आणि उष्माघाताची भीती वेगळीच. त्या चार तासांत मी जेवतो मुलांसोबत. उन्हाळ्याच्या सुट्ट्या असल्याने ती घरीच असतात. कच्च्या आंब्याचं पन्हं, भाकरी, कांदा, मग अंधार केलेल्या खोलीत सगळे आडवे. मुलगी जे काही मनातलं बोलते ते याच वेळी, डोळे मिटता मिटता.

अडचण एवढीच की सगळ्यांत जास्त फोन बारा ते चारमध्येच येतात. "भाऊ, आत्ताच्या आत्ता या ना जी, गर्मीनं जीव चालला." याला नुसतं नाही म्हणू नका. वेळ सांगा आणि तोवर काय करायचं ते सांगा. मी असं बोलतो: "काकू, साडेचारला पहिला नंबर तुमचा. तोवर प्लग काढून पंपाची जाळी पाहा, कचरा अडकला असेल." एसी असेल तर फिल्टर धुवायला सांगतो. बरीच कामं फोनवरच मिटतात, आणि पैसे न घेता मिटलेलं काम गिऱ्हाईक विसरत नाही. घरात तान्हं बाळ असेल, म्हातारं किंवा आजारी माणूस असेल, तर मी भर उन्हातही उठतो. आठवड्यात असे दोन-तीनच निघतात. घरच्यांनीही त्याला कधी आडकाठी केली नाही.

मे महिन्याचा भार हलका करायचा असेल तर फेब्रुवारी हाताशी धरा. संक्रांत झाली की मी जुन्या गिऱ्हाइकांची यादी काढतो आणि रोज दहा फोन करतो. फेब्रुवारीत कूलर गच्चीवरून उतरवून दिला, वूडवूल बदलली, टाकीला डांबर मारलं, पंप-मोटर तपासली, अर्थिंग पाहिलं, तर मेपेक्षा शंभर रुपये कमी घेतो. वरवर तोटा वाटतो. पण एका कॉलनीतली पाच घरं एका सकाळी होतात, पेट्रोल एकदाच लागतं आणि मे महिन्यात त्या पाच घरांतून फोन येत नाही. तसंच सुट्या भागांचं. पूर्वी एक पंप हवा की बर्डीच्या बाजारात पळायचो. आता सोमवारी एकदाच जाऊन आठवड्याचे पंप आणि कॅपॅसिटर आणतो.

डायरी एकच ठेवा, घरची वेगळी आणि धंद्याची वेगळी नको. आमच्याकडे रविवारी रात्री आधी ही लाल पेनाने लिहिते: शाळेची मीटिंग, आईचा डॉक्टर, कोणाचं लग्न. त्यानंतर उरलेल्या जागेत मी निळ्या पेनाने कामं लिहितो. लाल ओळ खोडायची असेल तर तिला विचारावं लागतं. फोन उचलणं, नंबर लावणं हे काम सीझनमध्ये तीच करते, म्हणून तिच्या तासांचेही पैसे आम्ही हिशेबात धरतो आणि ते तिच्या खात्यात जातात.

नवतपात मात्र हे सगळं मोडतं. 25 मेपासूनचे ते नऊ दिवस मी नियम पाळू शकत नाही, आणि पाळतो असं घरी खोटं सांगतही नाही. मेच्या सुरुवातीलाच सांगून ठेवतो की या नऊ दिवसांत मी उशिरा येईन, आणि त्याच दिवशी बदल्यातले चार दिवस ठरवतो. विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, त्यामुळे जूनचा दुसरा-तिसरा आठवडा मोकळा सापडतो. आर्वीला हिच्या माहेरी जातो. त्या चार दिवसांतले फोन हुडकेश्वरच्या एका मेकॅनिकभावाकडे वळवतो, आणि तो गावाला गेला की त्याचे मी घेतो. हे त्याच्याशी एप्रिलमध्येच, समोरासमोर बसून बोलून ठेवायचं. ऐन गर्दीत कोणी कोणाचा फोन घेत नाही.